विमानतळावर न्यायची गाडी

पप्पा, तुम्हाला मातीत ठेवून आल्याला अजून आठवडाही झाला नाही, आणि घरात माझ्याशी वाद घालणारं कोणी उरलेलं नाही. रिता सकाळी कॉलेजला जाते, दुपारी येते, माझ्याकडे बघते आणि जेवून उठते. लोक येऊन बसतात. सगळे एकच म्हणतात, "फिलू, तू त्यांची सून नव्हतीस, लेक होतीस." मी मान हलवते. त्यांना काय सांगू? एकाच माणसासाठी एका घरात अडकून राहिलेली आपण दोन माणसं होतो. त्याला काय नाव असतं ते मला माहीत नाही.

दफनाच्या वेळी फादर तुमच्याविषयी चांगलं बोलले. तुमची केळीची वाडी, चर्चमधल्या गायनातला तुमचा आवाज, सगळं आलं. मला मात्र त्या सगळ्या वेळात तुम्ही दिसत होतात ते चिखलात गुडघे टेकून, गाडीच्या पुढच्या चाकाशी, तोंडात खिळा धरून बसलेले. कुवेतवर चढाई झाली त्या ऑगस्टातले.

तुमचा डॉमनिक तिथे एका गॅरेजात कामाला होता. रिता दोन वर्षांची होती आणि बापाला तिने एकदाच पाहिलं होतं, सुट्टीवर आला तेव्हा, तेही पाळण्यातून. बातमी आपण रेडिओवर ऐकली. तुम्ही रेडिओ बंद केलात, परत लावलात, परत बंद केलात. त्यानंतर त्याचा फोन नाही, निरोप नाही. गावात फोन होता तो चर्चच्या ऑफिसात. आपण रोज तिथे जाऊन बाकावर बसायचो. आखातात गेलेल्या मुलांच्या आया, बायका, सगळ्या तिथेच. कोणाकडे फोन आला की बाकीच्या उठून उभ्या राहायच्या आणि मग परत बसायच्या.

मग कळलं की तिथल्या लोकांना जॉर्डनमार्गे विमानांनी मुंबईला आणताहेत. त्या दिवशी घरी आल्यावर तुम्ही जेवला नाहीत. बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, काठी झावळ्यांची शेड होती, तिच्यात तुमची जुनी पिकप उभी होती. तिच्यावरची ताडपत्री तुम्ही ओढून काढलीत आणि मला हाक मारलीत.

"गाडी नीट करायची. डॉमनिकला आणायला सहारच्या विमानतळावर आपली गाडी पाहिजे."

मी म्हटलं, "पप्पा, ही गाडी डॉमनिक कुवेतला गेला त्याच्या आधीपासून बंद आहे. आपण टॅक्सी करू."

"त्याचं सामान टॅक्सीत मावायचं नाही."

 विमानांची बातमी आणली होती ती निर्मळ गावच्या एका परतलेल्या मुलानेच. अंगातला शर्ट कुणी दिलेला आणि हातात एक प्लास्टिकची पिशवी, बस. तुम्ही स्वतः त्याला बघून आला होतात. सामान कोणाकडेच नव्हतं हे तुम्हाला माहीत होतं आणि तुम्हाला माहीत आहे हे मला माहीत होतं. त्यावर आपण कधीच बोललो नाही.

ती गाडी लष्कराच्या लिलावातली, गोल बॉनेटची, मागे लाकडी हौदा. तुम्ही तरुणपणी घेतलीत, केळी वाहिलीत, मग अर्नाळ्याची मासळी. मासळी भरायला गाडी थेट वाळूत न्यायचात. भरतीचं पाणी पुढच्या चाकांना लागायचं, पुढचा सगळा भाग खाऱ्या पाण्याने खाल्ला. शेवटी एकदा अर्नाळ्याहून येताना डाव्या बाजूचा पाटा मोडला आणि गाडी गुडघा टेकल्यासारखी बसली. ती तशीच शेडमध्ये ओढून आणलेली. चाकांच्या वर, चासीखाली, लोखंडी पात्यांचा जो जुडगा असतो त्याला पाटा म्हणतात, गाडीचा पुढचा भार त्यावर असतो, हे मला त्या दिवशी तुम्ही सांगितलंत. तोपर्यंत पाटा म्हणजे माझ्यासाठी मसाला वाटायचा.

खांदा निखळल्यापासून तुमचा उजवा हात वर जात नव्हता. गाडीखाली उताणं झोपून काम करणं तुम्हाला शक्य नव्हतं. मग मी गेले. साडीत जमेना, म्हणून कपाटातून डॉमनिकची पँट काढली आणि कमरेला सुतळी बांधली. शेजारच्या इनेस मावशींनी कुंपणावरून बघितलं आणि विचारलं, "हे काय चाललंय? नवरा तिकडे, आणि ही त्याची पँट घालून चिखलात लोळते."

तुम्ही मान वर न करता म्हणालात, "पँट त्याचीच आहे ना? दुसऱ्या कोणाची घातली असती तर बोलायचं होतं."

मावशी आत गेल्या. मी गाडीखाली हसले. नंतर वाटलं, हसले कशी मी? आणि मग तिथेच, पाठीखाली ओला गोणपाट, नाकावर गंजाचा भुगा पडतोय, अशी कितीतरी वेळ रडले. तुम्हाला ऐकू आलं असणार. तुम्ही फक्त विचारलंत, "नट फिरला का?"

नट फिरत नव्हते. पाटा एक्सलला आवळून धरणारे चार बोल्ट, चारही गंजून एकजीव झालेले. आपण त्यांना रॉकेल पाजत बसलो. सकाळी पाजायचं, संध्याकाळी पान्याला पाईप लावून ओढायचं. दोन सुटले, दोन छिन्नीने तोडावे लागले. वाळूची जमीन, जॅक आत रुतायचा. फणसाची फळी खाली दिली तेव्हा कुठे गाडी उचलली गेली. पाटा खाली आला तेव्हा त्याची पाती खारी बिस्किटासारखी सुटी झालेली होती, हात लावला की पापुद्रे निघत. त्या मधल्या काळात आपण चर्चच्या बाकावर जायचं सोडलं नव्हतं. सकाळी बाक, दुपारी गाडी. काळे हात घासून घासून धुवायचे आणि फादरच्या ऑफिसात मांडीवर ठेवून बसायचं.

हायवेवरच्या पाटेवाल्याकडे आपण तो जुडगा बैलगाडीतून नेला. त्याने बघितला आणि म्हणाला, "चाचा, दोन्ही बाजूचे बदला. एक नवा, एक जुना, गाडी वाकडी उभी राहील."

"उजवा चांगला आहे," तुम्ही म्हणालात.

"दो दिन ठहर जाओ, दोनों बना देता हूँ."

"तेवढा वेळ नाही."

वेळ का नाही, हे त्याने विचारलं नाही. तुम्ही त्याच्या भट्टीसमोर उभे राहिलात आणि पातं लाल होऊन त्याला बाक येईपर्यंत हलला नाहीत. मी विचार करत होते, आज एखादं विमान उतरलं असेल, त्यात तो असेल, बाहेर येऊन इकडेतिकडे बघत असेल. तुम्हीही तोच विचार करत होता. आपल्या दोघांच्या डोक्यात तेव्हा दुसरं काही असणं शक्यच नव्हतं.

सगळ्यात वाईट गेलं ते डाव्या चाकाच्या किंगपिनचं काम. चाक ज्या पिनेवर वळतं ती पिन एक्सलमध्ये अशी जाम झाली होती की निघता निघेना. मी खालून लोखंडी दांडा धरायचा आणि तुम्ही डाव्या हाताने घण मारायचा. तुमचा डावा हात सरावाचा नव्हता. एक घाव चुकला आणि माझ्या मनगटावर बसला.  तुम्ही घण टाकलात, चिखलात बसलात आणि माझं मनगट दोन्ही हातांत धरलंत.

"मोडलं का?"

"नाही. हलतंय, बघा."

तुम्ही सोडेचनात. म्हणालात, "त्याला काय सांगू मी? तुझ्या बायकोचा हात मी मोडला?" आणि मग तुम्ही रडलात, पप्पा. सासूबाई गेल्या तेव्हाही तुम्ही रडला नव्हता असं डॉमनिक सांगायचा. मी तुमच्या पाठीवर हात ठेवायला हवा होता. आपल्याकडे सून सासऱ्याच्या पाठीवर हात ठेवत नाही. मी दांडा उचलला आणि म्हटलं, "मारा. आता निघेल."

पिन निघाली मात्र दुसऱ्या दिवशी, ब्लोलॅम्पने तापवल्यावर.

पाटा चढला, त्याच्या टोकांना नवीन बुश बसले, चाकं लागली. जॅक काढला आणि गाडी आपल्या पायांवर उभी राहिली. मी लांब जाऊन बघितलं. "पप्पा, डावीकडून वर आहे."

"जमीन वाकडी आहे."

"जमीन नाही, गाडी."

"अगं, जमीनच वाकडी आहे."

मी गाडी रस्त्यावर ढकलून आणायला लावली, घरातून परात आणली, हौद्यात ठेवून तिच्यात पाणी ओतलं. पाणी उजव्या काठाशी गोळा झालं. तुम्ही परातीकडे बघितलंत, माझ्याकडे बघितलंत आणि घरात निघून गेलात. मला वाटलं, संपलं. सकाळी मी पाणी भरायला उठले तर तुम्ही उजव्या बाजूचे बोल्ट सोडायला सुरुवात केली होती, एका हाताने. आपण परत बैलगाडी जुंपली.

तुम्ही असेच होता. दिसलेलं नाही म्हणायचं, आणि मग कोणी बघत नसताना त्याचंच काम हाती घ्यायचं. पुढे कितीतरी वर्षं मला वाटत होतं की डॉमनिकच्या बाबतीतही कधीतरी तसंच होईल.

आपण सहारला पहिल्यांदा गेलो तेव्हा उजाडलं होतं. वर्सोव्याच्या पुलावर स्टेअरिंग थरथरलं आणि तुम्ही म्हणालात, "घाबरू नको, नवीन आहे, बसेल." हौदा तुम्ही धुतला होता, त्यात चटई अंथरली होती, वर ताडपत्रीसाठी दोरी. इतक्या सामानाची तयारी. रिता माझ्या मांडीवर होती. विमानतळाच्या बाहेर माणसांचा समुद्र, प्रत्येकाच्या हातात पुठ्ठा, पुठ्ठ्यावर नाव. लोक बाहेर येत होते, दाढ्या वाढलेले, सुजलेल्या पायांचे, आणि त्यांना बघून कोणीतरी किंचाळायचं, पण आलेलं माणूस आपलं नसायचं.

तिसऱ्या की चौथ्या खेपेला एकाने आपला पुठ्ठा वाचला आणि थांबला. डॉमनिकच्याच गॅरेजातला, मंगळूरचा. तो हिंदीत बोलला, मला शब्द न् शब्द आठवतो, पण मी आपल्या भाषेत सांगते. ते एका बसमध्ये होते. वाळवंटात बस थांबली. डॉमनिक सगळ्यांच्या बाटल्या घेऊन पाणी आणायला उतरला. तेवढ्यात गोंधळ झाला, बस सुटली. मागून दुसऱ्या बसेस येतच होत्या.

तुम्ही त्याचे दोन्ही हात धरलेत. "म्हणजे तो दुसऱ्या बसमध्ये बसला."

तो म्हणाला, "बैठा होगा, अंकल."

हे म्हणताना त्याने तुमच्याकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. रिताकडे बघितलं, तिच्या गालाला हात लावला आणि चटकन निघून गेला. गोंधळ झाला म्हणजे काय झालं, हे आपण विचारलं नाही. विचारायला तो थांबलाच नाही, का आपणच त्याला थांबवलं नाही? यावर मी तुमच्याशी किती वर्षं भांडले. मी म्हणायचे, त्याचा चेहरा बघितलात ना? तुम्ही म्हणायचात, चेहरा दमलेला होता. दोन्ही खरं असू शकतं, हे तुम्हालाही कळत होतं आणि मलाही.

मग विमानं बंद झाली. कचेऱ्या झाल्या, अर्ज झाले, साहेब झाले. कुठल्याच यादीत तो नव्हता, जिवंतांच्या नाही आणि मेलेल्यांच्याही नाही.

पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही मला गाडी शिकवलीत. कारण काय सांगितलंत आठवतं? "दोघांना येत असलं तर एकाला घरी थांबता येईल. तो आला आणि घराला कुलूप असलं तर?" पण त्या शिकवण्यानेच आपण जगलो, पप्पा. अर्नाळ्याच्या बंदरावर पहिल्यांदा मी एकटी गेले तेव्हा एक म्हातारी कोळीण म्हणाली, "आता गाडी कोन चालवनार? ही?" महिन्याभरात तीच माझ्या गाडीसाठी मासळीच्या पाट्या राखून ठेवायला लागली. मासळी, भाजी, केळी, लग्नाच्या मांडवाची भांडी, सगळं वाहिलं मी. रिताची शाळा, तुमचं औषध, घराची कौलं, सगळं त्या हौद्यातून आलं. पुढची चाकं आपण पुन्हा कधी वाळूत नेली नाहीत. दर पावसाळ्यानंतर पाटे उतरवून तेलपाणी करायचं, मी खाली, तुम्ही वर. नवऱ्याबरोबर मी जेवढे दिवस राहिले त्याहून जास्त दिवस तुमच्याबरोबर त्या गाडीखाली घालवले असतील. तुम्ही नसतात तर मी माहेरी जाऊन भावजयीच्या चुलीशी बसले असते. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. आता सांगते आहे, आणि त्याचा काही उपयोग नाही.

एका वर्षी मृतांच्या दिवशी सासूबाईंच्या कबरीवर मी दोन मेणबत्त्या लावल्या. तुम्ही विचारलं नाहीत दुसरी कोणाची. वाकलात आणि बोटांनी विझवलीत. बोटाला फोड आला होता. घरी मी लोणी लावायला गेले तर तुम्ही हात मागे घेतलात. म्हटलं, "पप्पा, चर्चमध्ये एक मिस्सा तरी होऊ द्या त्याच्या आत्म्यासाठी."

"जिवंत माणसाची मिस्सा करतात का?"

"तो जिवंत असता तर आला असता."

"तुला काय माहीत, कुठे अडकलाय तो."

मी त्या दिवशी तुम्हाला खूप बोलले. आणि मग कामणच्या शाळेतल्या सरांचं झालं. त्यांची बायको गेलेली, आपल्याच समाजातले, भला माणूस. गाडीत कधीमधी पुस्तकांचे गठ्ठे न्यायचे. त्यांनी माझ्यासाठी फादरकडे शब्द टाकला. मला ते नकोसे नव्हते, पप्पा. हेही आता सांगून टाकते. पण मी ना विधवा, ना सवाष्ण. चर्च कसं लग्न लावणार?

अर्नाळ्याहून येताना तुम्ही मला गाडी बाजूला घ्यायला सांगितलीत. इंजिन बंद करायला लावलंत. समोर काचेतून बघत म्हणालात, "मी उद्या फादरकडे जातो. सांगतो, डॉमनिक गेला. बाप म्हणून सही करतो. तू तरुण आहेस, पोरी."

इतकी वर्षं मला हेच ऐकायचं होतं. हेच मी तुमच्या तोंडून काढायला भांडत होते. आणि मी म्हटलं, "नको. नका सांगू."

"का?"

"तुम्ही असं म्हणालात तर तो खरंच जाईल."

 मी गाडी चालू केली. त्यानंतर आपण तो विषय काढला नाही. सरांनी पुढे दुसरीकडे लग्न केलं, सुखात आहेत. मला त्यांचं दुःख नाही. दुःख याचं, की मला त्या दिवशी जे कळलं ते तुम्हाला सांगायचं राहून गेलं. तो गेला, असं मी मोठ्याने म्हणू शकत होते, कारण नाही म्हणायला तुम्ही होतात. तुम्ही त्याची वाट बघत होतात म्हणून मला बघावी लागत नव्हती. ते काम तुम्ही एकट्याने केलंत, रोज, दारात खुर्ची टाकून, आणि मी तुम्हाला वेडे म्हणत राहिले.

आता ते माझ्यावर आलं आहे आणि मला ते झेपत नाही. दुपारी फाटक वाजलं की मी उठते. मी कधी उठत नव्हते, पप्पा. काल कुरियरवाला होता. मी पदर सावरत पळत गेले आणि त्याच्यासमोर उभी राहिले, सही कुठे करायची तेही सुचेना. रिताने खिडकीतून बघितलं. रात्री तिने विचारलं, "मम्मी, तुला काय होतंय?" तिला काय सांगू? तिच्यासाठी तो भिंतीवरचा फोटो आहे.

आज फादर घरी आले होते. उद्या तुमच्या सातव्या दिवसाची मिस्सा. म्हणाले, "फिलोमिना, इतकी वर्षं झाली. वडिलांच्या नावाबरोबर मुलाचंही नाव घेऊया का? तुझ्या मनाला शांती मिळेल." आणि त्यांनी पेन उघडलं आणि माझ्याकडे बघत राहिले. मी तुमच्या खुर्चीकडे बघितलं. नाही म्हणायला तिथे कोणीच नव्हतं. मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून निघालं, "फादर, फक्त पप्पांचं."

ते गेल्यापासून मी इथेच, स्वयंपाकघराच्या दारात बसून आहे. भात लागला, तो उतरवला नाही. एकच विचार डोक्यात घुसला आहे आणि तो मला बसूही देत नाही. आपल्या दोघांतलं भांडण आता तुमच्यापुरतं मिटलं असेल. तुम्ही पोचलात तिथे तो दारात होता, किंवा नव्हता. तुम्हाला कळलं आहे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा असं झालं आहे की तुम्हाला माहीत आहे आणि मला नाही.

तो भेटला का, पप्पा?